खपली पडेपर्यंत

८ एप्रिल, मुलुंड
वरच्या ओठाचा कोपरा चुरचुरतोय. मुंग्या आल्यासारखं. काल दिवसभर उन्हात खरेदी केली, त्याचा प्रताप? रविवारी सुयोगदादाच्या लेकीचं बारसं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा — म्हणजे माझा!

९ एप्रिल
वाट लागली. ओठावर बारीक फोडांचा पुंजका, पाणी भरलेले, झोंबतायत. आई म्हणाली, "पाल चाटली असतली गो. तूप लाव." तूप कसलं! डॉक्टरबाईंकडे गेले. हर्पीस म्हणाल्या. मी दचकलेच — तो तर गुप्तरोग ना? "अहो, लाज कसली? कित्येकांना लहानपणीच होतो. विषाणू आत झोपून राहतो. ऊन, ताप, दगदग झाली की उठतो." मलम दिलं. फोड फोडायचे नाहीत, हात धुवायचे, टॉवेल-कप वेगळा.
मग मी बाळाचं सांगितलं. त्यांचा चेहराच बदलला. "नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं हे. खपली पडून कातडी भरेपर्यंत बाळाजवळ नको. पापा तर नाहीच."

१० एप्रिल
दादाला फोन केला — बरं नाही, येत नाही. हर्पीस हा शब्द तोंडातून निघेना. तो म्हणाला, "तुला त्रास होतो, कळतं गं आम्हाला."
गेल्या वर्षी माझं बाळ पोटातच गेलं. म्हणून येत नाही, असं वाटलं त्याला! म्हणजे मी जळते?
माझा नवरा प्रीतम वैतागला, "अगं, मग सरळ सांग ना!"

११ एप्रिल
सांगितलं. ओठाचा फोटोच पाठवला श्रुतिकावहिनीला, हर्पीससकट सगळं लिहिलं.
लगेच फोन. रडत होती. "काय काय मनात आणलं गं मी! बारसं पुढे ढकलतेय."
मागून दादा — "आणि पाहुणे?"
"त्यांना सांग, आत्या आजारी आहे!"

१४ एप्रिल
खपली धरली. खाज, खाज! हात मांडीखाली दाबून बसलेय.

१९ एप्रिल
पडली! डॉक्टरबाई म्हणाल्या, आता जा खुशाल. उन्हात ओठांना लावायचा बाम घेतला.

२६ एप्रिल
कानात नाव सांगितलं — साची. पापा नाही घेतला, ओठ बरा झाला तरीही नाही. नुसतं पाऊल हातात धरलं. केवढंसं! माझं आठवलं. रडले, पण बरं वाटलं.

२८ सप्टेंबर
वहिनीचं ऑफिस सुरू. सकाळी दारात उभी, कडेवर साची, खांद्यावर दुपट्यांची पिशवी. "दिवसभर तुझ्याकडेच ठेवणार. दुसऱ्या कुणाकडे ठेवलं तर माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही."
आत्ता झोपलीय. माझ्या मांडीवर.