अनोळखी माणसाच्या अंत्यविधीत

ती. आईले, फ्रान्सवरून धम्मदीपचा जयभीम.

मी बरा आहो. जेवन वेळेवर करतो. तुझं गुडघ्याचं औषध चालू आहे ना? हे पत्र धाकट्या रोशनीले वाचाले देऊ नको, चष्मा लावून तूच वाच.

शनिवारी ऑफिसानं आमाले इथल्या बरगंडी भागातले जुने मठ अन् कॅथेड्रल म्हणजे मोठे चर्च दाखवाले नेलतं. आठशे वर्षांआधीचं दगडाचं काम, मी मान वर करूनच फिरलो. एका कॅथेड्रलमधी गाणं चालू होतं, फुलं होती. मले वाटलं लग्न आहे. मी मोबाईल काढून पार समोर गेलो अन् शूटिंग करून राह्यलो. मंग शवपेटी दिसली.

पहिल्या बाकावर एक म्हातारी होती. तिचाच नवरा गेलता. ती सरकली, मले जवळ बसवलं अन् हळूच इंग्रजीत विचारलं, "तुम्ही त्यांच्यासोबत कामाले होते का?"

मले नाई म्हणता आलं नाई. मी मान हलवली.

"एवढ्या दुरून आले," ती म्हणाली अन् माझा हात धरून रडली. शेवटपर्यंत तिनं तो सोडला नाई. शूटिंग मी पुसून टाकली, पण लाज जात नाई.

आई, बाबा गेले तवा सुट्टी भेटली नाई असं मी सांगतलं होतं. मी सुट्टी मागितलीच नव्हती. नोकरी नवी होती, साहेब नाराज होईल असं वाटलं. तू मलेच समजावलं होतं, "रडू नको, तुझा काई इलाज नव्हता."

इलाज होता, आई.

मार्चात घरी येतो. तुले जे बोलाचं असन ते बोलजो.

तुझा,
धम्मदीप