सुतक नसताना उतरवलेली मिशी

अण्णा, काल माझ्या लेकीने पत्ते मांडले आणि विचारलं, "आई, बदामच्या राजालाच मिशी का नाही?" मी तिला पुढचं पान टाकायला सांगितलं. तुम्हाला उत्तर नक्की आलं असतं, आणि खरं नसलं तरी ते ऐकत राहावंसं वाटलं असतं. जगभरच्या मिशांची माहिती तुम्ही सलूनमधल्या जुन्या मासिकांतून गोळा करायचात. इंग्रजांच्या फौजेत एके काळी शिपायाला वरचा ओठ भादरायची बंदी होती. त्यांच्याकडे मिशी चहात बुडू नये म्हणून आतून पट्टी बसवलेले कप मिळायचे. हे सांगताना तुमची मिशी बशीत बुडालेली असायची. आई म्हणायची, "पोळीला नसलं तरी चालंल, तूप आधी मिशीला."

मी अकरावीला शहरात जायला लागले तेव्हा माझ्या ओठावर काळी लव होती. सिटी बसमधली पोरं मला हवालदार म्हणायची. पार्लरचं नाव काढलं तर आजोबा गरजले, "आपल्या घरातली पोरगी तोंडाला दोरा लावनार नाय." मग मीही हट्टाला पेटले, कॉलेजच नको म्हणाले. आजोबांना तेच बरं वाटलं, स्थळं बघायचं बोलणं सुरू झालं. तुम्ही मोगऱ्याच्या पाट्या फुलबाजारात टाकायला गेलात आणि परत आलात ते मिशीशिवाय. दारात उभे राहून आजोबांना म्हणालात, "दादा, घराची अब्रू मिशीत असंल तर ती आज सलूनमंधी पडली. आता पोरीला जाऊ द्या."

बाप जिवंत असताना आपल्याकडे कुणी मिशी काढत नाही, हे रागाच्या भरात तुमच्या ध्यानातच राहिलं नाही. फुलबाजारात तुमचा सपाट ओठ पाहून लोकांनी आजोबांना परस्पर पोहोचवलं. दुपारी शेजारच्या मळ्यातून पिठलं-भाकरीचं टोपलं येतं. त्यामागोमाग चांदवडची आत्या जीपमधून गळा काढत उतरते, आणि ओट्यावर बसलेले आजोबा विचारतात, "कोन गेलं गं?" आजोबांना सगळा उलगडा झाला तेव्हा त्यांनी टोपलं पुढे ओढलं आणि स्वतःच्याच सुतकाची भाकरी मोडत आईला म्हणाले, "उद्या पोरीला घेऊन जा त्या पार्लरला. नायतर हा भुवयाबी काढून यील."

पुढे तुमची मिशी वाढली, पण पहिल्यासारखी दाट झाली नाही. मी शिकले, त्याच शहरात आता मास्तरीण आहे. माझ्या पायाखालची जमीन तुमची आहे, अण्णा. हे तोंडावर कधी बोलले नाही, आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती.

तुम्ही गेलात तेव्हा गोदाकाठी भावाने मिशी उतरवली. मला उतरवण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी ओठावरचे केस वाढू दिले. तेराव्याला आलेल्या बायका बघत होत्या, मी पदर ओढला नाही. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मात्र पार्लरला गेले. दोरा फिरला आणि मला हुंदका आवरेना. पार्लरवाली घाबरून थांबली, "ताई, लय दुखतंय का?" मी हो म्हणाले. तिला दुसरं काय सांगणार होते? हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते, दोऱ्याने अजिबात दुखलं नव्हतं.