कडीवरचा ठसा

बाबा, मी सध्या मेलबर्नला जुन्या वस्तूंच्या एका दुकानात जर्मन सैनिकांची पदकं तपासतो. हसू नका. तुमची सून नर्स, तिच्यामागे मी इथे आलो. शहराच्या कडेला क्रेगीबर्नला राहतो. गोदाम झालं, बेकरी झाली, टाइल्सचं काम झालं, कुठे बूड टेकेना. इथे टेकलंय, कारण मालकाने आठवी नापासचा कागद मागितला नाही. एक पदक उलटं करून हातात दिलं आणि विचारलं, काय दिसतं? पहिल्या महायुद्धातला क्रॉस होता. मधे काळं लोखंड, भोवती चांदीची कड, वर रिबिनीसाठी कडी. त्या कडीवर बनवणाऱ्याची दोन-तीन अक्षरं ठोकलेली असतात, तांदळाच्या कणीवर मावतील एवढी. ओतीव नकलेत ती वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी बुजलेली दिसतात. कित्येक खऱ्या क्रॉसवर ठसा नसतोच, पण शौकिनांना तो हवा असतो, म्हणून कुणीतरी मागाहून ठोकून ठेवतं. ते कोरलेल्या अक्षरांच्या तळावरून ओळखायचं. चांदी शंभर वर्षं काळवंडली असेल तर अक्षरांच्या आतही काळवंडलेली हवी. तुम्ही वसईच्या दुकानात जुने पैंजण भिंगाखाली धरून म्हणायचात, "ठसा आणि काळेपणा एका वयाचे पाहिजेत." तेच मी इथे मोडक्या इंग्रजीत सांगतो आणि लोक माना डोलावतात.

तुमचा नावाचा ठसा तुम्ही फक्त स्वतः घडवलेल्या दागिन्यावर मारायचात. नुसता डाग देऊन सांधलेल्यावर कधीच नाही. तुम्ही नाशिकला गेला होतात, लग्नघरची अंगठी घडवायची राहिली होती, नवरीची आई दुकानात ठाण मांडून बसलेली. मी बाजारातून तयार अंगठी आणली, तुमचा ठसा मारला आणि दिली. तुम्ही परत आल्यावर बाई कौतुकाने दाखवायला आली. ती गेल्यावर तुम्ही विचारलंत, "चुकून मारलास?"

"हो."

"चुकून मारलेला वाकडा पडतो. हा सरळ आहे. प्रगतिपुस्तकावर माझी सही ठोकत होतास, आता हे. चल, चपला घाल."

लग्नघरच्या ओट्यावर मी उभा आहे, आत पाहुणे जेवतायत, आणि तुम्ही सगळ्यांसमोर शांतपणे सांगताय की ही अंगठी आमच्या हातची नाही. मला तेव्हा तुमचा राग आला होता. माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत, हे फार नंतर लक्षात आलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दर शनिवारी एक म्हातारा येतो, पूर्वी ट्राम चालवायचा. वेगवेगळ्या कारागिरांच्या ठशांचे क्रॉस जमवतो. एक ठसा त्याला वर्षानुवर्षं मिळत नव्हता. गेल्या वर्षी त्या ठशाचा एक क्रॉस आमच्या दुकानात विकायला आला. मालक पुढे झाला तर म्हातारा म्हणाला, "तू नको. त्याला बघू दे. मेट, तू सांग." मेट म्हणजे दोस्त; माझं मत असं कुणी पहिल्यांदाच मागत होतं. भिंगात अक्षरांचा तळ नव्या चमच्यासारखा चकाकत होता. मी मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, "अस्सल आहे." त्याने तो विकत घेतला.

परवा त्याने आनंदाने सांगितलं, त्याच्या गावच्या संग्रहालयात सगळे क्रॉस मांडणार आहेत, पारखायला बाहेरून माणूस येणार आहे. आज दुपारी त्याला फोन केला. म्हटलं, क्रॉस खरा आहे, पण ठसा नंतरचा आहे, तो त्यात मांडू नका. मग त्याने हळूच विचारलं, "त्या दिवशी तुला दिसलं नव्हतं ना?"

"नाही. नजर चुकली."

"नो वरीज, मेट. होतं असं." उलट तोच मला समजावत राहिला.

शनिवारी तो येईल. त्याला खरं सांगायचं ठरवलंय, तोंडातून निघेल का ते माहीत नाही. कारण बाबा, हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, ते वाचायला तुम्ही आता उरला नाहीत, हे ठाऊक असून पहिल्या खेपेला इथेही मी 'तेव्हा दिसलं नाही' असंच लिहिलं होतं. ते पान फाडलं आणि हे लिहिलं.