लाल बोया कुठल्या हाताला

ती. दादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, कोरड्या जमिनीवर दोन्ही पाय घट्ट रोवून केलेला नमस्कार. गुडघे कसे आहेत? वहिनीने कळवलंय की तू गॅलरीतल्या गॅलरीत येरझाऱ्या घालतोस आणि डॉक्टरांना मात्र रोज बागेत जातो म्हणून ठोकून देतोस. या वयात थापा मारायच्या तर निदान बायकोला आधी पढवून ठेवावं. आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. ‘खुशाल’ हा शब्द पत्रात लिहायची रीत म्हणून लिहिलेला नाही. परवा संध्याकाळी धक्क्यावर उभं राहून मी आम्हा तिघांची डोकी मोजली, तीन भरली, म्हणून लिहितेय.

तुझं पत्र मिळालं. बोटीला गिऱ्हाईक आलंय, रविवारी बघायला येतो म्हणतोय, तुम्ही वापरत असाल तर ठेवा नाहीतर देऊन टाकतो, असं तू विचारलंस. उत्तर आधीच देते, म्हणजे तुला शेवटपर्यंत वाचायचे कष्ट नकोत (तसाही तू वाचत नाहीसच): विकून टाक. रविवारची वाट कशाला बघायची, त्या भल्या माणसाला शनिवारीच पाठव. का ते आता सविस्तर लिहिते.

तुला ठाऊकच आहे, ह्यांनी एकतीस वर्षं शहर बस चालवली. आठ महिन्यांपूर्वी रिटायर झाले, हारतुरे झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून जे खिडकीत बसले ते बसलेच. खिडकीखालून ह्यांचीच बस जाते. ती आली की मनगटावरच्या घड्याळात बघायचं, “चार मिनिटं लेट” म्हणायचं आणि पुन्हा तोंडाला कुलूप. दिवसभरात बोलणं तेवढंच. सासूबाई (वय एक्याऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत) म्हणायच्या की बसवाल्यांनी संप केला तर आपला मुलगा घरात आहे की नाही हेही कळायचं नाही. हसत म्हणायच्या, पण पदराने डोळे पुसायच्या ते मी बघितलंय. अशात तू मुलाकडे राहायला गेलास आणि जाताना तुझी मोटारबोट ह्यांच्या गळ्यात मारलीस. मी म्हटलं, बरं झालं, जिवाला काही चाळा लागेल. मेल्या दादा, बोट चालवायला बंदर कचेरीची परीक्षा द्यावी लागते हे तेव्हा सांगायला तुझं काय जात होतं?

परीक्षेचं पुस्तक आणलं. त्यातलं मला समजलं ते असं: समुद्रात रस्ता आखता येत नाही, म्हणून पाण्यावर रंगीत पिंपं तरंगत ठेवतात, त्यांना बोये म्हणायचं, आणि अंधार पडला की त्यांच्यावर दिवे लागतात. बाहेरून बंदरात येताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या हाताला, आणि आपण मधून यायचं. इतकं सरळ. पण ज्या माणसाने एकतीस वर्षं लाल दिसला की ब्रेक दाबलाय त्याला हे सरळ कसं वाटावं? पहिल्या परीक्षेत साहेबांनी विचारलं, समोर लाल बोया दिसला तर काय कराल? हे म्हणाले, थांबणार. साहेब म्हणाले, किती वेळ? हे म्हणाले, हिरवा होईपर्यंत. नापास. दुसऱ्या परीक्षेत विचारलं, रात्री समोरून दिवा लुकलुकताना दिसला तर? ह्यांनी छाती पुढे काढून सांगितलं की आपणही डिपर देणार. पुन्हा नापास, शिवाय साहेबांनी पाणी मागवलं.

तेव्हा मी पदर खोचला. जेवणाच्या टेबलावर सासूबाईंच्या औषधांच्या बाटल्या मांडल्या, लाल झाकणाच्या एका ओळीत आणि हिरव्या झाकणाच्या दुसऱ्या. खिडकीकडचं टोक म्हणजे समुद्र, स्वयंपाकघराकडचं टोक म्हणजे बंदर, आणि बोट म्हणून आपली इस्त्री (नाक टोकदार आहे म्हणून). हे समुद्राकडे बसून इस्त्री पुढे ढकलायचे, लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे म्हणत बंदराला लावायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी हवी असेल तर बोट बंदराला लागेपर्यंत थांबावं लागे, मधला बोया हलवायला हे देत नसत. त्यामुळे त्याही मन लावून बघायच्या, कधी एकदा लागतेय म्हणून. दीड महिना रोज पन्नास वेळा इस्त्री बंदरात आली. मला कपडे इस्त्रीला बाहेर द्यावे लागले, ते असो. तिसऱ्या खेपेला हे पास झाले. काठावर, पण झाले.

आता माझी चूक ऐक, कारण ती माझीच आहे आणि ती मी ह्यांच्यापाशी कबूल करणार नाही. बोट बंदराला लागली की हे इस्त्री उचलायचे आणि परत खिडकीपाशी नेऊन ठेवायचे. दीड महिन्यात टेबलावरची बोट एकदाही बंदरातून बाहेर गेली नाही. दर वेळी उचलून नेली.

पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली फेरी ठरली. दीपगृहापर्यंत जायचं, तिथे डबा खायचा, परत यायचं. सासूबाईंनी मीही येणार म्हणून हट्ट धरला, अभ्यासक्रम माझाही झालाय म्हणाल्या. त्यांना लाइफ जॅकेट घातलं तर आत त्या दिसेनात, नुसता आवाज यायचा. धक्का सुटला, पहिला लाल बोया आला, आणि ह्यांनी मोठ्या तोऱ्यात, अगदी टेबलावर ठेवायचे तसा, तो डाव्या हाताला ठेवला. जॅकेटमधून आवाज आला की अरे, आपण तर बाहेर चाललोय, बाहेर जाताना उलटं नको का? ह्यांनी विचारलं, परीक्षा कोण पास झालंय? पुढच्या मिनिटाला बोट गाळात बसली. बसली ती पाव्हणे आल्यावर तुझा मुलगा बसायचा तशी, हलायचं नाव नाही. ओहोटी होती. तीन तास बसलो. दीपगृहापाशी खायचा डबा गाळात बसून खाल्ला. बाजूने जाणाऱ्या फेरीबोटीतल्या लोकांनी हात हलवले (सासूबाईंनी उलट हलवले), आणि एका मच्छीमाराने जवळून जाताना, गाळ विकत घ्यायला आलात का म्हणून चौकशी केली. हे इतके लाल झाले होते की आमच्या डाव्या बाजूला बोया आणि उजव्या बाजूला हे, यात मला फरक दिसेना.

भरती आली, बोट सुटली. शहाण्या माणसाने तिथूनच घर गाठलं असतं. पण ह्यांचं म्हणणं, एकतीस वर्षांत एकही फेरी अर्धवट सोडली नाही, आता सोडणार नाही. गेलो. दीपगृहाला वळसा घातला आणि परत फिरलो तेव्हा सूर्य उजव्या हाताला बुडत होता. बंदराचे दिवे लांब, डावीकडे, दिसायला लागले. ह्यांनी सरळ त्यांच्यावर नाक धरलं. तेवढ्यात समोर एक पांढरा दिवा भराभरा लुकलुकायला लागला. थोडा वेळ बंद, की पुन्हा भराभरा.

हे पुस्तकातलं अवघड प्रकरण. खडकाजवळ काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा बोया असतो आणि त्याच्या कुठल्या बाजूने जायचं ते त्याचा दिवा किती वेळा लुकलुकतो त्यावरून ओळखायचं. घड्याळ डोळ्यांपुढे आणायचं: तीन वेळा म्हणजे पूर्वेने जा, सहा म्हणजे दक्षिणेने, नऊ म्हणजे पश्चिमेने, न थांबता लुकलुकत राहिला तर उत्तरेने. ह्यांनी मोजले, आठ. मी मोजले, दहा. आठही नाही आणि दहाही नाही घड्याळात, म्हणजे असतात पण कामाचे नाहीत. मग तू मध्ये बोललीस म्हणून माझा एक चुकला, तुम्ही उशिरा सुरू केलं म्हणून तुमचे दोन गेले, असं आमचं जुंपलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, एक आकडा दोघांचा सारखा आलेला नाही. आणि मग काही सुचेना तेव्हा ह्यांनी बसमध्ये केलं असतं तेच केलं. इंजिन बंद केलं.

दादा, बस थांबवली की थांबते. बोट थांबवली की ती आपल्या मनाने निघते. इंजिनचा आवाज गेला आणि खडकांवर पाणी आपटल्याचा आवाज यायला लागला, आणि दर मिनिटाला तो जवळ येतोय. मी ह्यांच्याकडे बघितलं तर हात सुकाणूवर आणि माणूस जागेवर नाही. मी ह्यांचा दंड धरून हलवला, आठ तर आठ, पण काहीतरी करा म्हणून ओरडले.

तेव्हा जॅकेटमधून हुकूम आला, दोघेही गप्प बसा. सासूबाईंनी एक हात कसाबसा बाहेर काढला आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजायला लागल्या. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. नऊ. मी लगेच डावीकडे हात दाखवला, कारण घड्याळात नऊ डावीकडेच असतो. त्यावर त्या जे बोलल्या ते लिहीत नाही, पण मथितार्थ असा की घड्याळ भिंतीवर राहू दे, सूर्य कुठे बुडाला ते सांग. सूर्य उजवीकडे. म्हणजे पश्चिम उजवीकडे. म्हणजे उजवीकडून जायचं, आणि आम्ही मघापासून नाक धरून चाललो होतो ते डावीकडे, थेट खडकांवर. त्यांनी ह्यांच्या पाठीत एक धपाटा घातला (साठीच्या मुलाला, माझ्यादेखत) आणि म्हणाल्या, “चालव आता, फेरी अर्धवट नाही ना सोडायची?”

ह्यांनी इंजिन सुरू केलं. बोया डाव्या अंगाला ठेवून लांबून वळसा घातला. खडकांचा आवाज मागे पडला तसा मला रडू फुटलं आणि भूकही लागली, दोन्ही एकदम. पुढे बंदराचं तोंड आलं, लाल दिवे, हिरवे दिवे, आणि इथे मात्र काय सांगू तुला! बाहेरून आत येणं हे तर ह्यांनी दीड महिना रोज पन्नास वेळा केलेलं. लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे, कुठे घासली नाही, कुठे अडली नाही, बोट अशी धक्क्याला लावली की धक्क्यालाही कळलं नसेल. उतरलो. मी धक्क्यावरच बसकण मारली. इतकं हलकं वाटलं की धक्क्यावरच्या अनोळखी पहारेकऱ्याला मी दोनदा थँक्यू म्हटलं. तो बिचारा नुसता उभा होता.

तेव्हा दादा, पुरे झालं. एकदा वाचलो, दर वेळी सासूबाई मोजायला असतीलच असं नाही. गिऱ्हाइकाला हो म्हणून कळव. वहिनीला नमस्कार, आणि बागेत खरंच जात जा.

तुझी,
धाकटी

ता. क. एक गोष्ट वर लिहिली नाही. लिहू की नको असं सकाळपासून चाललं होतं. त्या संध्याकाळी मी आणि सासूबाई उतरलो तरी हे बोटीतच बसून राहिले. मी हाक मारली तर माझा हात धरला आणि म्हणाले, “घाबरलो होतो गं. रिटायर झालो त्या दिवसापासून घाबरलोय.” चौतीस वर्षांत हा शब्द ह्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. त्यानंतर घरी येईपर्यंत बोलत होते, जेवताना बोलत होते, अजून बोलतायत. सासूबाई मघाशी म्हणाल्या, जरा गप्प बस रे बाबा, आणि असं म्हणून स्वतःच हसत सुटल्या.

ता. क. २. तेव्हा वरची चार पानं सोडून दे. त्या गिऱ्हाइकाला सांग, बोट द्यायची नाही. शनिवारीही येऊ नको म्हणावं.

ता. क. ३. तुमच्या तिकडच्या बंदर कचेरीतून परीक्षेचा अर्ज पाठव. इथे मागितला तर कारकून संध्याकाळच्या आत ह्यांना सांगेल, आणि मला पास झाल्यावरच सांगायचंय. एक नको, दोन पाठव. आणि वयाची अट छापलेली असेल तर त्या ओळीवर शाई सांडून पाठव, कारण दुसऱ्या अर्जाच्या मालकीण चष्मा लावून माझ्या खांद्यावरून हे पत्र वाचतायत.