दुसरी दुरुस्ती

नामपल्ली,
२५ ऑगस्ट १९९५

प्रिय ओमकार,

एकाच शहरात नामपल्लीहून विद्यानगरला पत्र लिहितोय म्हणून हसशील. दोनदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि परत फिरलो. काय बोलायचं तेच जुळत नव्हतं. अजूनही जुळत नाही.

त्या रविवारी दुपारी तू बॅग घेऊन दारात उभा राहिलास, तेव्हा मी तुझ्याच अंगणात माणसांसाठी खुर्च्या मांडत होतो. आमच्या दैनिकातली तुझ्या मृत्यूची बातमी वाचून चारुवहिनींनी कुंकू पुसलं होतं. काकूंनी तुझा हात धरला तो दिवेलागणीपर्यंत सोडला नाही. मी हसलो की रडलो, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात पाचव्या पानावर चार ओळी आल्या: पोलिसांनी दिलेल्या नावात चूक झाली, दिलगीर आहोत. संपादक म्हणाले, "मिटलं." मलाही तसंच वाटलं.

मग कळलं, जहीराबादच्या बस अपघातात खरोखर गेला तो ओमकारही विद्यानगरचाच. दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. त्याच्या वडिलांनी, हिम्मतरावांनी, आमच्या बातमीत वेगळं आडनाव वाचलं आणि देवापुढे दिवा लावला. मुलगा वाटेत मामाकडे थांबला असेल म्हणून दोन दिवस वाट बघत बसले. मी भेटायला गेलो तर त्यांनी मला चहा दिला. "छापलेलं होतं ना," एवढंच म्हणाले.

इकडे तू चिडून वरपर्यंत अर्ज केलास आणि नाव कळवणारे हवालदार यूसुफमियाँ निलंबित झाले. काल ते ऑफिसात आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "साब, मैं एकीच नाम बोला था. आगे का आप लिखे."

ते खरं आहे, ओमकार. मयताच्या खिशातल्या भिजक्या चिठ्ठीवर 'ओमकार, विद्यानगर' एवढंच वाचता येत होतं, आणि फोनवर त्यांनी तेवढंच सांगितलं. आडनाव मी घातलं. जहीराबादकडच्या औषध कंपनीतली नोकरीही मीच घातली. सरकारी नोकरी सोडून तिथे लागल्यापासून तू दर शनिवारी त्याच बसने घरी येतोस, हे मला ठाऊक होतं. त्या शनिवारी यंत्र बिघडलं म्हणून तू तिकडेच राहिलास, हे ठाऊक नव्हतं. तुझ्या घरी एक फोन करायचा होता. केला नाही. नवी रंगीत दैनिकं निघाल्यापासून अर्धवट नाव छापलं तर बोलणी बसतात, हे खरं. वहिनींना कोणत्या तोंडाने विचारू असं झालं, हेही खरं. की मला खात्रीच होती? रोज स्वतःला विचारतो आणि रोज वेगळं उत्तर येतं.

उद्या पहिल्या पानावर दुसरी दुरुस्ती येतेय. संपादक तयार नव्हते, दोन दिवस वाद झाला. पोलिसांची चूक नव्हती, ती उपसंपादक सारंग देशमाने याची होती, असं त्यात छापलंय. तू अजून रजेवर घरीच आहेस, आणि ते तुला पेपरातून कळू नये म्हणून हे पत्र आत्ताच तुझ्या फाटकाच्या पेटीत टाकून जातोय. यूसुफमियाँविरुद्धचा अर्ज उद्याच मागे घे. माझ्याविरुद्ध करायचा असेल तर कर, मी नाकारणार नाही.

तुझाच,
सारंग