मिसबाईंचं हिरवं लुगडं

मिशनचा बंगला, जालना

आदरणीय नीलावहिनींना धाकट्या नणंदेचा, प्रेमलाचा, सलाम. प्रभूच्या दयेनं मी जिवंत आहे. लाजेनं माणूस मरत न्हाई एवढं आता पक्कं कळलं. तुम्हाला सातवा लागला, उठबस जड जात असंल. वामनदादाला म्हणावं, जरा पाणी-बिणी भर.

इकडची हकिगत ऐका. परतूरकडच्या एका गावात मुलींची शाळा काढायची आमच्या मिशनची लई इच्छा. गेल्या साली विलायतेच्या हॅरियेट मिसबाई तिथं झगा घालून गाडीतून उतरल्या. पोटऱ्या दिसल्या! बाप्ये पारावरून उठून गेले, बायांनी दारं लावली. (पायांत मोजे होते म्हणतात त्या. मोज्याला गावात कोण कापड मानतं?) म्हणून औंदा पाद्रीसाहेबांनी मला बजावलं, की मिसबाईंचा पोशाख तुझ्याकडं, शाळा भरली न्हाई तर तुझं बायबल घेऊन गावोगाव फिरणं बंद, अनाथ पोरांच्या बोर्डिंगात भाकरी थापायला बस. वहिनी, माझ्या भाकरी तुम्ही खाल्ल्यात. त्या लेकरांचा तरी विचार करायला पाहिजे होता त्यांनी.

मंग मी लुगड्याचं ठरवलं. मिसबाई ताडमाड, त्यांना पुरंल असं दुकानात एकच होतं, हिरवंगार. आपल्यात कुंकू न्हाई, त्यात हात बी मोकळे दिसले तर गाव त्यांना विधवा समजणार. म्हणून मदिनाबी बांगडीवालीला बोलावलं. लुगडं हिरवं तर चुडा बी हिरवाच, म्हणून तिनं कोपरापर्यंत भरला. कासोटा घालायला मिसबाई बिलकुल तयार न्हाईत. आत दोन विलायती परकर, वरून लुगडं गुंडाळलं, आणि उरलेल्या समद्या निऱ्या पोटावर खोचल्या. एवढं सोज्वळ ध्यान मी उभ्या जन्मात पाह्यलं न्हाई.

परतूर स्टेशनापासून गाडीचे हिसके खात गेल्तो. वेशीपाशी मिसबाई उतरल्या त्या ओकल्याच. मंग पाटलीणबाईंच्या ओसरीवर टेकून त्यांनी चिंच मागितली (त्यांना ती नेहमीच लागते, बिस्किटासंगं सुद्धा). बाया एकमेकींकडं पाहून राह्यल्या. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, पुढं आलेलं पोट, ओकारी, वरून चिंच! मला उमगेपर्यंत पाटलीणबाईंनी नारळ-तांदूळ आणून मिसबाईंची ओटी भरली बी. तेवढ्यात मागून घोड्यावर पाद्रीसाहेब आले. साठीचे, बिनलग्नाचे. बाया त्यांच्याकडं पाहून म्हणाल्या, "देवाची करणी!" आणि पदरात हसल्या.

आता मी काय सांगू? पोटावर कापड आहे म्हणावं तर ओकारीचं काय? बाईचं लग्नच झालं न्हाई म्हणावं तर कायमची गावबंदी. खोटं बोलणं पाप, म्हणून मी तोंड उघडलंच न्हाई, नुसती मान डोलावली. (मानेबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात न्हाई.) मिसबाईंना वाटलं, आपल्या पोशाखाचंच हे कौतुक, त्या भरल्या ओटीनं रडायला लागल्या. पाटलीणबाईंनी त्यांचे डोळे पुसले, म्हणाल्या, "माय सातासमुद्रापल्याड राह्यली गं लेकराची. आमच्या पोरी धाडू तुझ्या शाळंत." वहिनी, खरं सांगते, तेव्हा मला बी हुंदका आवरला न्हाई. दुसऱ्या दिवशी ओसरी पोरींनी भरली. तिथं होतो तोवर पाटील पाद्रीसाहेबांना रोज बदामाचं दूध पाठवून राह्यले. कशापायी, ते साहेबांना ठाऊक न्हाई.

बाकी समदं बराबर. जपून राहा.

तुमची,
प्रेमला

ता. क. बाळंतपणाला माहेरी कशाला जाता? इकडंच या. मालीश, शेक, डिंकाचे लाडू, समदं मी करते. नणंदेची माया समजा.

दुसरा ता. क. पाटलीणबाई बारशाला गावच्या बाया घेऊन जालन्याला येणार आहेत, पाळणा बी सुतारानं केला. बाळ दिसलं न्हाई तर पोरी शाळेतून काढतील आणि मी चुलीपुढं. आपलं घराणं घारं-गोरं, कुणाला शंका यायची न्हाई. तेवढा एक दिवस तुम्ही आतल्या खोलीत पडून राहा.

तिसरा ता. क. मुलगा झाला तर नाव मच्छिंद्र ठेवायचं पाटलीणबाईंनी ठरवलंय. दादाला तेवढं तुम्हीच सांगा.