खिळ्यावरच्या तीन रिंगा

प्रिय धाकट्या,

काल तू ड्रायव्हरच्या हाती पाठवलेल्या कोर्टातल्या जबाबावर मी सही करणार नाही. फोनवर सांगितलं असतं तर "ताई, तू चिडली आहेस, उद्या बोलू" म्हणून तू ठेवून दिला असतास. म्हणून लिहिते आहे.

जबाबात म्हटलं आहे की कच्चं रबर येणं बंद झालं, भाव दुप्पट झाले, परिस्थिती आपल्या हाताबाहेरची होती, सबब करारातल्या सवलतीच्या कलमाखाली आपण दोषी नाही. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. सात आठवडे माल बंदरात अडकला होता, गोदामाची फरशी दिसायला लागली होती. पण त्याच कलमात पुढे लिहिलं आहे, की अडचण आल्यापासून दहा दिवसांत गिऱ्हाइकाला लेखी कळवायचं. ते पत्र मी टाइप करून तुझ्या टेबलावर ठेवलं. तू त्यावर चहाचा कप ठेवलास आणि म्हणालास, असं रडगाणं गायलं की पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते. वर्षभर एकच दर, वाढीची सोय नाही, अशा करारावर सही करतानाही तू याच ऐटीत होतास. वकील समजावत होते तेव्हा मोबाइल बघत होतास.

मग माल वेळेवर गेला. सगळ्यांनी तुझी पाठ थोपटली, मीसुद्धा. रबर कुठून आलं, तर म्हणे ओळखीतून.

आता हॉस्पिटलच्या वाफेच्या यंत्रातली आपली रबरी रिंग फाटली आणि नर्सचे हात भाजले. तू तिला 'ती बाई' म्हणतोस. मी तिला भेटून आले. तिच्या उजव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत. चाळीस कामगारांची घरं माझ्या सहीवर आहेत, असं तू जबाबाला चिठ्ठी टाचून लिहिलंस. भट्टी पेटवताना ती घरं आठवली नाहीत?

हॉस्पिटलातून मी सरळ कारखान्यातल्या नमुन्यांच्या फळीपाशी गेले. प्रत्येक लॉटची पहिली रिंग खिळ्याला टांगायची, आणि ज्याने मिश्रण केलं त्याने स्वतःच्या हाताने चिठ्ठी बांधायची, ही बाबांची पद्धत. लहानपणी ती चिठ्ठी लिहायला मिळावी म्हणून तू माझ्याशी भांडायचास. मला वाटलं, माल अडकला होता त्या काळातल्या तीन लॉटचे खिळे रिकामे असतील. नव्हते. तिन्ही चिठ्ठ्यांवर तुझं अक्षर होतं: जुन्या टायरची भुकटी, तीस टक्के. लबाडी करतानाही तुझ्या हाताला ती सवय मोडता आली नाही. एक रिंग दुमडून पाहिली. लगेच भेग पडली.

या रागातला अर्धा माझ्यावर आहे. त्या तिन्ही लॉटच्या तपासणी दाखल्यांवर सही माझी आहे; रिंग ताणून न बघता, तुझ्या शब्दावर केलेली. म्हणून आज सकाळी मी गिऱ्हाइकाच्या वकिलांकडे जाऊन आले. हे तुला कोर्टात कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझीच,
ताई

वकिलांकडे दिलं, पोच घेतली: रिंगा तीन, चिठ्ठ्यांसकट. तपासणी दाखले तीन, माझ्या सहीचे. न पाठवलेलं पत्र एक, कपाच्या डागासकट. तुझा जबाब एक, सहीविना.